गाडीतला रेडिओ डिजिटल करायचा तर आधी पटवायचं कोणाला?

डिजिटल रेडिओबद्दल काहीही वाचायला घ्या, पहिल्या दोन-चार ओळींत "सीडीसारखा स्वच्छ आवाज" येतोच येतो. तीस वर्षं झाली, तंत्रज्ञानाची नावं बदलली, कंपन्या बदलल्या, खुद्द सीडी गाड्यांमधून हद्दपार झाली, तरी हे वाक्य काही जात नाही. माझं मत विचाराल तर ह्या तंत्रज्ञानाचं सगळ्यात जास्त नुकसान ह्याच वाक्याने केलंय. गाडी चालवताना माणूस बातम्या ऐकतो, मॅच ऐकतो, पुढे ट्रॅफिक तुंबलाय का ते ऐकतो, आणि बऱ्याचदा तर नुसती सोबत म्हणून काहीतरी चालू ठेवतो. इंजिन, टायर, वारा असं सगळं कानावर आदळत असताना एफएम कुठलं आणि डिजिटल कुठलं हे सांगा म्हटलं तर बहुतेकांना सांगता येणार नाही, आणि सांगता आलं तरी त्यासाठी कोणी जास्तीचे पैसे मोजणार नाही.

मला रेडिओ मनापासून आवडतो, त्यामुळे नवीन डिजिटल ब्रॉडकास्ट लोकांना आणि गाड्या बनवणाऱ्यांना पटेल का ह्या प्रश्नाकडे मी तटस्थपणे बघू शकत नाही. मला वाटतं ते पटावं. पण इतकी वर्षं हे सगळं बघून माझं एक मत झालंय, की ग्राहक अशी गोष्ट निवडत वगैरे नसतोच. तो गाडी निवडतो, आणि गाडीत जे असेल ते वापरतो. आणि गाडीवाले रेडिओच्या बाबतीत तेव्हाच हलतात जेव्हा कोणीतरी पैसे देतं किंवा कायदा सांगतो. "गिऱ्हाईक मागतंय" हे तिसरं कारण पुस्तकात असतं, पण डिजिटल रेडिओ नाही म्हणून शोरूममधून उठून गेलेला माणूस मी तरी अजून बघितलेला नाही.

आता थोडं तंत्राचं बोलतो, कारण ते खरंच सुंदर आहे आणि ते समजल्याशिवाय पुढचं दुःख कळणार नाही. युरोपात १९८७ मध्ये युरेका १४७ नावाचा प्रकल्प सुरू झाला, त्यातून डॅब, म्हणजे डिजिटल ऑडिओ ब्रॉडकास्टिंग, आलं, आणि ते चालत्या गाडीत नीट ऐकू यावं हे त्यामागचं एक मुख्य उद्दिष्ट होतं. एफएमचा त्रास काय, तर सिग्नल जसा थेट ट्रान्समीटरकडून येतो तसा इमारतींवरून आणि डोंगरांवरून आपटूनही येतो, हे सगळे एकमेकांत मिसळतात, आणि मग चौकात थांबलेल्या गाडीत खरखर, दोन फूट पुढे घेतली की परत स्वच्छ. डॅबने काय केलं, तर सगळा डेटा एकाच लहरीवरून धडाधड पाठवण्याऐवजी १,५३६ बारीक लहरींवर वाटून दिला, म्हणजे प्रत्येक लहरीवर तो सावकाश जातो, आणि दर तुकड्याच्या सुरुवातीला साधारण २४६ मायक्रोसेकंदांचा वेळ राखून ठेवला, म्हणजे उशिरा पोचलेला प्रतिध्वनी त्या राखीव वेळातच येऊन जातो आणि पुढच्या तुकड्याला धक्का लागत नाही. एवढ्याशा वेळात रेडिओ लहर ७० किलोमीटरच्या वर जाते. त्यामुळे शेजारशेजारचे ट्रान्समीटर एकाच फ्रिक्वेन्सीवरून तेच प्रसारण करू शकतात आणि एकमेकांच्या पायात पाय न घालता उलट एकमेकांना जोर देतात. गाडी एका ट्रान्समीटरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत गेली तरी स्टेशन शोधत बसायला नको. शिवाय साधारण दीड मेगाहर्ट्झच्या एका पट्ट्यात, ज्याला मल्टिप्लेक्स म्हणतात, अनेक स्टेशनं एकदम जातात, ट्रान्समीटर एकच.

एवढी सगळी तयारी गाडीसाठी, आणि झालं काय? नॉर्वेच्या सार्वजनिक प्रसारक एनआरकेने १ जून १९९५ ला नियमित डॅब प्रसारण सुरू केलं, बीबीसीने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, पण गाड्यांमध्ये सेटच नव्हते. पुढे २००० नंतर स्वस्त सेट आले तेही घरात टेबलावर ठेवायचे. चालत्या गाडीसाठी घडवलेलं तंत्र पहिली कितीतरी वर्षं एका जागी बसून ऐकलं गेलं.

आणि जे ऐकलं गेलं त्यात तो सीडीचा आवाज कुठे होता? सुरुवातीच्या डॅबमध्ये आवाज दाबून लहान करायची जी पद्धत होती, एमपी२, तिला चांगल्या आवाजासाठी दर सेकंदाला १९२ किलोबिट (ह्यालाच बिटरेट म्हणतात) तरी लागायचे. पण मल्टिप्लेक्समध्ये जागा ठरलेली, आणि जास्त स्टेशनं घुसवली की जास्त कमाई. मग ब्रिटनमध्ये बरीचशी स्टेशनं १२८ वर आली, काही तर ६४ किलोबिटवर मोनोमध्ये वाजायला लागली. ज्यांच्या घरी चांगला एफएम ट्यूनर होता त्यांना एफएमच बरं वाटायचं, आणि त्यांचं चुकत नव्हतं. २००७ च्या सुमारास डॅब प्लस आलं, त्यातली आवाजाची पद्धत खूपच पुढची, कमी जागेत चांगला आवाज, पण आधी हौसेने घेतलेले बरेच जुने सेट त्याला उपयोगाचे नाहीत. म्हणजे सगळ्यात आधी विश्वास ठेवून ज्यांनी खरेदी केली त्यांच्याच हातात जुना सेट राहिला. अशा माणसाला पुढच्या वेळी "आता नवीन आलंय, घ्या" म्हणून सांगायला जाणाऱ्याची मला कीव येते. ऑस्ट्रेलियाने २००९ मध्ये सुरुवातच डॅब प्लसने केली, जर्मनीने ऑगस्ट २०११ मध्ये देशपातळीवर नव्याने डॅब प्लसच घेतलं, आणि उशिरा आल्याचा दोघांना फायदाच झाला.

लोक कशाला भुलतात ह्याचं माझं सगळ्यात आवडतं उदाहरण ब्रिटनचंच आहे. बीबीसीने २००२ मध्ये ६ म्युझिक नावाचं स्टेशन काढलं, ते एफएमवर नाहीच, फक्त डिजिटलवर. वेगळ्या वाटेचं संगीत, जुन्या सेशनची रेकॉर्डिंग, निवेदक असे की त्यांना खरंच गाणी आवडतात हे ऐकताना कळतं. २०१० मध्ये बीबीसीने ते बंद करायचा प्रस्ताव मांडला आणि लोक असे काही भडकले की ज्यांनी कधी ऐकलं नव्हतं त्यांनीही लावून बघितलं, श्रोते वाढले, आणि त्याच वर्षी बीबीसीवर देखरेख करणाऱ्या बीबीसी ट्रस्टने तो प्रस्ताव फेटाळला. त्या लोकांना मल्टिप्लेक्स आणि बिटरेटशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना त्यांचं स्टेशन हवं होतं आणि ते जिथे लागतं तो सेट हवा होता. एफएमवर जे आहे तेच परत डिजिटलवर वाजवायचं आणि लोकांनी नवीन रेडिओ घ्यावा अशी अपेक्षा ठेवायची, हे कुठल्याच देशात चाललेलं नाही.

बरं, आवाज चांगला किंवा वाईट हा एक भाग. खरा राग येतो तो आवाज अचानक जातो तेव्हा. एफएमचा सिग्नल कमी होतो तेव्हा आधी स्टिरिओचं मोनो होतं, मग थोडी खरखर, मग जास्त खरखर, पण निवेदक काय म्हणतोय ते कळत राहतं, कान ते भरून काढतात. डिजिटल तसं करत नाही. चालू आहे चालू आहे, आणि मग पाण्यात बुडबुडे यावेत तसा गुडगुड आवाज, आणि मग काहीच नाही. कोऱ्या शांततेत तुम्ही गाडी चालवताय आणि कळत नाही की स्टेशन बंद पडलं की रेडिओ.

अमेरिकेच्या एचडी रेडिओने ह्याच्यावर वेगळा मार्ग काढला. तिथल्या प्रसारण नियामक एफसीसीने २००२ मध्ये मंजूर केलेल्या ह्या पद्धतीत जुन्या एफएम सिग्नलच्याच दोन्ही बाजूंना डिजिटल सिग्नल चिकटवतात, नवीन फ्रिक्वेन्सी लागत नाही, डायलवर स्टेशनचा आकडाही तोच राहतो. सेट आधी एफएम लावतो, काही सेकंदांत डिजिटल पकडतो आणि हळूच त्याच्यावर सरकतो, डिजिटल गेलं की परत एफएम. कल्पना उत्तमच आहे. पण मी अशा एका गाडीत बसलो होतो आणि जे स्टेशन लावलं होतं त्यांनी एफएम आणि डिजिटलची वेळ एकमेकांशी नीट जुळवलेली नव्हती. डिजिटल मुळात काही सेकंद मागे चालतं, म्हणून एफएम मुद्दाम तेवढंच मागे ठेवावं लागतं, ते त्यांनी बरोबर केलं नव्हतं. मग काय, निवेदिका म्हणाली "पुढच्या आठवड्यापासून", गाडी पुलाखाली शिरली, आणि परत "आठवड्यापासून". पुलाबाहेर आलो तर मधला एक शब्द गायब. गाडी चालवणाऱ्याने एका मिनिटात मेनूत जाऊन एचडी बंद करून टाकलं, आणि मला नाही वाटत ते त्याने परत कधी चालू केलं असेल. गाडीत ती चिप होती, पेटंटचे पैसे भरले गेले होते, स्टेशनने ट्रान्समीटर घेतला होता, आणि एका पुलाखाली सगळं वाया गेलं. सुरुवातीला त्या डिजिटल भागाची ताकद एफएमच्या १ टक्काच ठेवली होती, शेजारच्या स्टेशनला त्रास नको म्हणून. २०१० मध्ये ती १० टक्क्यांपर्यंत वाढवायची परवानगी मिळाली. मधल्या आठ वर्षांत असे किती जण मेनूत जाऊन आले असतील?

आता गाडीवाल्यांकडे वळू. त्यांची अडचण समजून घ्यायला हवी, नुसतं "त्यांना पर्वा नाही" म्हणून चालणार नाही. एका नवीन मॉडेलचं काम गाडी रस्त्यावर यायच्या काही वर्षं आधी सुरू होतं, आणि ती गाडी पुढे दहा-बारा वर्षं सहज चालते. म्हणजे आज त्यांनी जो ट्यूनर निवडला तो पंधरा वर्षांनी कुठलं स्टेशन पकडेल हे त्यांना आज ठरवायचंय. डॅब पूर्वीच्या टीव्हीच्या पट्ट्यात चालतं, १७४ मेगाहर्ट्झच्या वर, म्हणजे काचेत बसवलेली एफएमची अँटेना तिथे तशीच चालत नाही, वेगळी सोय करावी लागते. स्टेशन बदलताना अडकायला नको तर मागे दुसरा ट्यूनर सतत शोध घेत ठेवावा लागतो. शिवाय एका देशात डॅब प्लस, दुसऱ्यात एचडी, तिसऱ्यात डीआरएम (डिजिटल रेडिओची आणखी एक पद्धत), आणि गाडी तर तीच सगळीकडे विकायची असते. अशा वेळी जो माणूस पैशापैशाचा हिशोब करून गाडी बनवतो तो म्हणणारच, की आधी तुमचं काय ते ठरवा, मग या.

आणि ठरवलं नाही तर काय होतं ह्याचा धडा रेडिओच्याच इतिहासात आहे. १९८२ मध्ये अमेरिकेत मध्यम लहरींवर, म्हणजे एएमवर, स्टिरिओ आणायचं ठरलं तेव्हा एफसीसीने कुठलीही एक पद्धत निवडायला नकार दिला, बाजार ठरवेल म्हणाले. चार-पाच पद्धती एकमेकींशी भांडत राहिल्या, स्टेशनवाले थांबले, सेट बनवणारे थांबले, आणि शेवटी १९९३ मध्ये मोटोरोलाची पद्धत अधिकृत झाली तोवर ऐकणारे केव्हाच एफएमवर निघून गेले होते. कॅनडाचं तर अजून वाईट झालं. त्यांनी १९९० च्या दशकात डॅब निवडलं, तेही वेगळ्याच उंच पट्ट्यात, आणि शेजारच्या अमेरिकेने वेगळा रस्ता धरला. दोन्ही देशांसाठी गाड्या त्याच कारखान्यांतून निघतात, मग छोट्या बाजारासाठी वेगळा रेडिओ कोण बसवणार? काही वर्षांत कॅनडाचं डॅब गुंडाळलं गेलं. फिनलंडने २००५ मध्ये डॅब बंद केलं, हाँगकाँगने २०११ मध्ये सुरू करून २०१७ मध्ये बंद केलं. तंत्र सगळीकडे चाललं असतं हो, ऐकणारे आणि सेट एकमेकांची वाट बघत बसले.

पैसे देऊन गाडीत शिरणं कसं असतं ते सॅटेलाइट रेडिओने दाखवलं. अमेरिकेत एक्सएम २००१ मध्ये सुरू झालं, सिरियस त्याच्या पाठोपाठ २००२ मध्ये. ह्यांनी ओळखलं की लढाई दुकानात नाही, कारखान्यात आहे. जनरल मोटर्स एक्सएमची भागीदारच होती. रेडिओ बसवायला पैसे द्यायचे, वर्गणी आली की त्यातला वाटा गाडी कंपनीला द्यायचा, ग्राहकाला पहिले काही महिने फुकट ऐकवायचं. आणि ऐकायला वेगळं काहीतरी द्यायचं, हॉवर्ड स्टर्न ह्या गाजलेल्या निवेदकाला सिरियसने पाच वर्षांसाठी ५० कोटी डॉलरच्या करारावर एफएमवरून उचलून आणलं. एवढं करूनही दोघांचा खर्च इतका वाढला की २००८ मध्ये त्यांना एक व्हावं लागलं, पण गाडीत ते आहेत, आणि वर्गणी भरणारे कोट्यवधींमध्ये आहेत. त्याउलट वर्ल्डस्पेसने आशिया आणि आफ्रिकेवर सॅटेलाइट रेडिओ आणला, कार्यक्रम फार चांगले, अजूनही लोक आठवण काढतात, पण त्याला आकाश मोकळं लागायचं, चालत्या गाडीसाठी लागणारे जमिनीवरचे रिपीटर, म्हणजे सिग्नल पकडून पुढे सोडणारे ट्रान्समीटर, उभे राहिले नाहीत, आणि २००८ मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. गाडी सुटली की रेडिओ सुटला, हे तेव्हापासून माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

फुकट ऐकायला मिळणाऱ्या रेडिओकडे असा वर्गणीचा वाटा नसतो, मग उरतो कायदा. युरोपियन युनियनने २०१८ च्या कायद्यात सरळ लिहिलं की नवीन विकल्या जाणाऱ्या प्रवासी गाडीत रेडिओ असेल तर त्यात जमिनीवरून होणारं डिजिटल प्रसारण पकडायची सोय हवीच, आणि २१ डिसेंबर २०२० पासून ते लागू झालं. तीस वर्षांच्या जाहिरातींनी जे झालं नाही ते एका कलमाने झालं. ब्रिटनमध्ये तर त्याच्या आधीच नव्या गाड्यांपैकी ९० टक्क्यांहून जास्त गाड्यांत डॅब येत होतं, कारण तिथे ऐकण्यासारखी स्टेशनं होती आणि एफएम बंद होणार अशी सरकारी भाषा वर्षानुवर्षं चालू होती. ते एफएम अजून चालूच आहे, निदान २०३० पर्यंत तरी चालेल असं तिथल्या सरकारने सांगितलंय, पण त्या बोलण्यानेही गाडीवाले हलले.

देशभर ऐकू येणाऱ्या स्टेशनांचं एफएम खरंच बंद करून दाखवलं ते नॉर्वेने. ११ जानेवारी २०१७ ला उत्तरेकडच्या नूरलांड प्रांतापासून सुरुवात, १३ डिसेंबरला शेवट. त्यांचं कारण समजण्यासारखं होतं, डोंगर आणि खाड्यांचा देश, वस्ती विखुरलेली, एफएमचं जाळं चालवणं महाग, आणि एफएमवर देशभर ऐकू येणारी स्टेशनं पाचच, डॅबवर वीसपेक्षा जास्त. पण तेव्हा रस्त्यावरच्या साधारण २० लाख गाड्यांत डॅब नव्हतं अशा बातम्या येत होत्या. लोकांना काचेवर चिकटवायचे अडॅप्टर घ्यावे लागले, अँटेनाची वायर काचेशेजारच्या खांबाच्या कडेने खोचून, सॉकेटमध्ये लावून, आणि तो अडॅप्टर डॅब पकडून गाडीतल्याच एफएमवर परत ऐकवणार. अशी खटपट करायला लावल्यावर लोक चिडणारच, ऐकणं त्या वर्षी घटलं. स्वित्झर्लंडमध्ये सार्वजनिक प्रसारक एसआरजीने ३१ डिसेंबर २०२४ ला आपलं एफएम बंद केलं, खाजगी स्टेशनं मात्र एफएमवर चालू राहिली, आणि एसआरजीचे श्रोते घटले. जुन्या गाडीतल्या माणसाने काय केलं असेल ते सांगायला नको, त्याने डायल पुढे सरकवला आणि जे लागलं ते ऐकलं. माझ्या मते बंद करायचं तर सगळ्यांनी एकदम करावं, आणि गाड्या तयार झाल्यावरच करावं. ऐकणाऱ्याला शिक्षा देऊन तंत्रज्ञान रुजत नाही, तो दुसरीकडे जातो आणि परत येत नाही.

गाडी कंपनीवर सोडलं तर काय होऊ शकतं हे इलेक्ट्रिक गाड्यांनी दाखवलंय. मोटरच्या विजेचा गोंगाट एएमच्या पट्ट्यात शिरतो, तो रोखायला शिल्डिंग लागतं, खर्च येतो, म्हणून काही कंपन्यांनी सरळ एएमच काढून टाकलं. फोर्डने तर पुढे बहुतेक सगळ्याच नव्या गाड्यांतून ते काढायचं ठरवलं होतं. ओरड झाली, २०२३ च्या मे महिन्यात अमेरिकी संसदेत प्रत्येक गाडीत एएम ठेवायलाच हवं असं विधेयक आलं, आणि फोर्डने निर्णय फिरवला. ओरडणाऱ्यांमध्ये आपत्कालीन व्यवस्था बघणारे अधिकारी पुढे होते, आणि त्यांचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. मोठं वादळ किंवा पूर आला की मोबाईलचे टॉवर बंद पडतात किंवा सगळे एकदम फोन लावायला गेल्याने तुंबतात. ब्रॉडकास्टला गर्दीचा प्रश्नच नाही, एक जण ऐको की एक कोटी, ट्रान्समीटरला काहीही फरक पडत नाही. डिजिटलमध्ये तर धोक्याच्या सूचनेवर सेट आपोआप त्या चॅनेलवर जावा अशी सोयही केलेली आहे. "मोबाईलवर सगळं मिळतं, मग रेडिओ कशाला" असं जे म्हणतात त्यांनी रेंज गेलेल्या रस्त्यावर, अंधारात, पुढचा पूल वाहून गेलाय का हे माहीत नसताना, एकदा तरी गाडीत बसून बघावं असं मला मनापासून वाटतं.

आणि तरीही सगळ्यात मोठी लढाई फ्रिक्वेन्सीची नाहीच आहे, ती स्क्रीनची आहे. फोनचा पडदा गाडीच्या स्क्रीनवर आणणारं कारप्ले २०१४ मध्ये आलं, तसंच अँड्रॉइड ऑटो २०१५ मध्ये. आधी डॅशबोर्डच्या मधोमध रेडिओच असायचा, गोल बटण, सहा स्टेशनांची सहा बटणं, रस्त्यावरून नजर न हटवता हात बरोबर तिथे जायचा. आता गाडी चालू केली की फोनचा पडदा उघडतो, आणि रेडिओ शोधायला आधी त्यातून बाहेर पडा, मग मीडिया, मग सोर्स, मग बँड, मग स्टेशनची यादी, तीही वर्णक्रमाने. एवढ्या वेळात माणूस गाण्यांचं ॲप चालू करून मोकळा होतो. शिवाय गाडी कंपन्यांना आता स्वतःच्या सेवा विकायच्या आहेत, कोण काय ऐकतं ह्याची माहिती हवी आहे, आणि ब्रॉडकास्ट रेडिओ असली कुठलीच माहिती उलट पाठवत नाही. ऐकणारा म्हणून मला तोच त्याचा मोठा गुण वाटतो. पण कंपनीच्या दृष्टीने त्यातून काही मिळत नाही, मग ते बटण आत आत जात राहतं.

ह्यावर मला जो मार्ग सगळ्यात बरा वाटतो तो म्हणजे हायब्रिड रेडिओ. आवाज हवेतून, स्टेशनचं चित्र आणि नाव इंटरनेटवरून, आणि सिग्नल गेला की तेच स्टेशन इंटरनेटवर चालू राहणार, परत आला की परत हवेतून. आउडीने २०१७ च्या सुमारास हे गाडीत आणलं, नंतर इतरांनीही. ऐकणाऱ्याला एफएम, डॅब, इंटरनेट असले शब्दच दिसत नाहीत, फक्त स्टेशनांची यादी दिसते. हे जिथे नीट जमवलंय तिथे ग्राहकाला काही पटवावंच लागत नाही, त्याला कळतही नाही की आपण डिजिटल ऐकतोय.

भारतात आकाशवाणीने डीआरएम निवडलं, मध्यम लहरींवर पस्तीसच्या आसपास ट्रान्समीटर डिजिटल प्रसारणासाठी सज्ज केले, आणि लाखो गाड्यांमध्ये डीआरएम पकडणारा रेडिओ आधीच बसलेला आहे. म्हणजे बाकी देशांत जो भाग सगळ्यात अवघड गेला तो इथे आधी झाला. पण त्यातल्या किती मालकांना आपल्या गाडीत हे आहे हे माहीत आहे? एफएमच्या पट्ट्यासाठी डीआरएम की एचडी हा वाद वेगळाच चालू राहिला. दूरसंचार नियामक ट्रायने ऑक्टोबर २०२५ मध्ये खाजगी स्टेशनांसाठीच्या शिफारशींत एकच पद्धत ठरवावी असं म्हटलंय, आणि एएम स्टिरिओचा इतिहास बघता हे लवकर ठरावं असं मला फार वाटतं, कुठलीही ठरवा, पण एक ठरवा, आणि ठरल्यावर तिच्यावर असं एखादं स्टेशन आणा जे दुसरीकडे कुठे लागत नाही.

पुढच्या पिढीचं तंत्र आता दारात आहे, अमेरिकेत एटीएससी ३.० ह्या टीव्ही प्रसारणाच्या नव्या पद्धतीच्या टॉवरवरून चालत्या गाडीला डेटा, नकाशे, सॉफ्टवेअरचे अपडेट पाठवायची कल्पना आहे, युरोपात फाइव्ह-जी ब्रॉडकास्टच्या, म्हणजे मोबाईलच्याच तंत्राने एकदम सगळ्यांना प्रसारण करायच्या, चाचण्या झाल्यात. ह्यात एक गोष्ट मला आशा देते. लाखो गाड्यांना तोच अपडेट एकेकीला मोबाईलवरून पाठवण्यापेक्षा एकदाच हवेतून सोडणं स्वस्त पडू शकतं, म्हणजे पहिल्यांदाच ब्रॉडकास्टकडे गाडी कंपनीला देण्यासारखं, तिच्या स्वतःच्या कामाचं काहीतरी असेल. त्या निमित्ताने चांगली अँटेना आणि ट्यूनर गाडीत बसला तर त्यावर रेडिओही ऐकता येईल. अर्थात तो ऐकायचं बटण स्क्रीनवर ठेवलं तर.

सध्यापुरतं एवढंच सांगतो, गाडी घ्यायला गेलात की टेस्ट ड्राइव्हला फोन जोडू नका. आधी रेडिओ लावून बघा, किती वेळा बोट टेकवावं लागतं ते मोजा, पुलाखालून आणि बोगद्यातून नेऊन बघा, कुठले बँड पकडतो ते विचारा. विकणाऱ्याला माहीत नसेल तर माहिती काढून सांगा म्हणा, आणि उत्तर येईपर्यंत सही करू नका. असं विचारणारे वाढले तरच ते "गिऱ्हाईक मागतंय" हे पुस्तकातलं तिसरं कारण शोरूमपर्यंत पोचेल.